हात, नजर आणि अवजार : शस्त्रक्रियेची जागा मोकळी ठेवणाऱ्या उपकरणांची रचना

निपाणी परिसरातील एखाद्या रुग्णाला मोठ्या शस्त्रक्रियेची गरज पडली, तर घरच्यांसमोर साधारणपणे तीन ठिकाणे असतात : महामार्गाने उत्तरेला कोल्हापूर, दक्षिणेला बेळगाव, नाहीतर मिरज. कोणते रुग्णालय, कोण डॉक्टर, किती खर्च याची चौकशी सगळेच करतात. डॉक्टरांच्या हातात कोणते अवजार असेल, हा प्रश्न मात्र कोणाच्या मनात येत नाही. वास्तविक शस्त्रक्रियेचे यश ज्या गोष्टींवर अवलंबून असते, त्यांतील पहिली अगदी साधी आहे. आपण काय कापत आहोत, हे सर्जनला दिसले पाहिजे. जखमेत रक्त साचले, आतडे पुढे आले किंवा स्वतःचाच हात आड आला, तर उत्तम सर्जनही क्षणभर आंधळा होतो. ही जागा स्वच्छ आणि मोकळी ठेवण्यासाठी हातात धरावयाची अवजारे कशी घडविली गेली आणि ती घडविताना कोणता विचार करावा लागतो, याचा आढावा प्रस्तुत लेखात घेतला आहे.

दृष्टीआड करणाऱ्या चार गोष्टी

शस्त्रक्रियेच्या जागी नजरेला अडथळा आणणाऱ्या गोष्टी चार आहेत. पहिली म्हणजे रक्त, पू, लाळ यांसारखे द्रव. दुसरी, भोवतालचे अवयव व पेशीजाल, जे मिटत येते आणि कापाचे तोंड झाकते. तिसरी, सर्जनचा हात व त्यातील अवजार. चौथी गोष्ट आधुनिक काळातील आहे, ती म्हणजे धूर आणि चकाकी. १ ऑक्टोबर १९२६ रोजी बोस्टन येथे हार्वी कुशिंग यांनी बोवी यांनी तयार केलेले विद्युत उपकरण मेंदूच्या शस्त्रक्रियेत प्रथम वापरले. त्यामुळे रक्तस्राव जागच्या जागी थांबविण्याचे मोठे साधन मिळाले. परंतु जळालेल्या पेशींचा धूर नजरेसमोर येऊ लागला. आज अशा उपकरणाच्या टोकाशीच धूर ओढणारी नळी जोडलेली मिळते. एक अडथळा दूर करणारे साधन दुसरा अडथळा निर्माण करते, हा या क्षेत्रातील कायमचा धडा आहे.

जुन्या ग्रंथांतील विचार

हा विचार आजचा नाही. सुश्रुतसंहितेत १०१ यंत्रे व २० शस्त्रे सांगितली आहेत. यंत्र म्हणजे धरणारे, ओढणारे, उघडणारे साधन आणि शस्त्र म्हणजे कापणारे. कापणाऱ्या साधनांपेक्षा न कापणारी साधने पाचपट असावीत, ही गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. या यंत्रांत २० नाडीयंत्रे, म्हणजे पोकळ नळ्या आहेत. रुतलेली वस्तू बाहेर काढणे, रोगाची जागा पाहणे, आतील द्रव शोषून घेणे आणि पुढील क्रिया सुलभ करणे असे त्यांचे उपयोग दिले आहेत. आजच्या शोषणनळीचे काम यापेक्षा निराळे नाही. सुश्रुताने यंत्राचे बारा दोषही नोंदविले आहेत. फार जाड, फार लांब, फार आखूड, नीट न पकडणारे, सैल, खिळा कच्चा असलेले अशी ती यादी आहे. कोणत्याही कारखान्याच्या तपासणी टेबलावर ती आजही लावता येईल. आणि इतकी यंत्रे सांगूनही सर्वांत प्रधान यंत्र हात होय, असे तो म्हणतो.

अरबी वैद्यकातही हाताचेच प्राधान्य आढळते. कॉर्डोव्हाजवळ दहाव्या शतकात जन्मलेल्या अबुल कासिम अल्-जहरावी यांच्या 'किताबुत्तसरीफ' या तीस भागांच्या ग्रंथातील शेवटचा भाग शस्त्रक्रियेवर आहे, आणि त्या विषयाला दिलेले नाव आहे 'हाताने करावयाचे काम'. युनानी वैद्यकाच्या उर्दू पुस्तकांत आजही शस्त्रक्रियेला 'इलाज-बिल-यद' म्हणतात. 'सर्जरी' या शब्दाच्या मुळाशी असलेल्या ग्रीक शब्दाचा अर्थही हाताचे काम असाच होतो. जहरावींनी सुमारे २०० उपकरणांच्या आकृत्या दिल्या. त्यांत कातडी व पेशीजाल बाजूला ओढून धरणारे आकडे आहेत. ते एका, दोन व तीन दातांचे असून लहान, मध्यम व मोठ्या मापांत दाखविलेले आहेत. बाराव्या शतकात टोलेडो येथे क्रेमोनाच्या जेरार्ड यांनी या भागाचे लॅटिन भाषांतर केले आणि पुढे कित्येक शतके युरोपात तो अभ्यासला गेला.

याच काळात मोसूलचे अम्मार बिन अली यांनी इजिप्तमध्ये मोतीबिंदूसाठी पोकळ सुई वापरली. त्यापूर्वी गढूळ झालेले भिंग सुईने ढकलून डोळ्यात खाली पाडण्याची पद्धत होती. अम्मार यांनी ते शोषून बाहेर काढण्याचा मार्ग सांगितला. इराकमध्ये अशी पोकळ सुई करतात असे आपल्या कानावर आले आहे, पण आपल्या देशात ती पाहिलेली नाही, अशी प्रांजळ नोंद जहरावींनी केली आहे. मोतीबिंदूला अरबीत 'नुजूल-उल-मा' म्हणजे पाणी उतरणे असे नाव होते. पाणी उतरले असेल तर ते शोषता येईल, ही कल्पना शब्दातूनच सुचली असावी.

शोषणनळीची रचना

शोषणनळी दिसायला साधी. पण तिच्या टोकाची रचना ही खरी कसोटी असते. नुसती उघडी नळी पोटात घातली तर द्रवाऐवजी आतड्याची घडी तिच्या तोंडाला चिकटते. यावर निरनिराळे उपाय निघाले.

न्यूयॉर्कचे घशाचे सर्जन सिडनी यांकाउअर यांनी १९०७ च्या सुमारास केलेल्या नळीचे टोक फुगीर व गुळगुळीत असून तिला एकापेक्षा जास्त छिद्रे असतात. एक छिद्र बुजले तरी दुसरे चालू राहते आणि नाजूक भागाला इजा होत नाही. नळीला घशाच्या वळणाचा बाक असतो. घशाच्या शस्त्रक्रियेत ही गोष्ट जीवनमरणाची असते, कारण तेथे साचलेले रक्त केवळ नजर अडवीत नाही, ते श्वासनलिकेत उतरू शकते. निपाणी भाग तंबाखूचा आणि विडीचा आहे. तंबाखूमुळे होणारे तोंडाचे व घशाचे कर्करोग येथील कुटुंबांना अपरिचित नाहीत. अरुंद, अंधाऱ्या आणि सतत ओल्या अशा या जागेत काम करणाऱ्या सर्जनला चांगल्या शोषणनळीची किती गरज असेल, हे यावरून ध्यानात यावे.

पोटाच्या शस्त्रक्रियेत पूल या नावाने ओळखली जाणारी नळी वापरतात. तिच्यावर अनेक छिद्रांचे एक आवरण असते. शोषणाची ओढ सर्व छिद्रांत विभागली जाते, त्यामुळे आतडे ओढले जात नाही. फिलाडेल्फियाचे मेंदूचे सर्जन चार्ल्स फ्रेझिअर यांच्या नावाची नळी याहून बारीक असते. तिच्या मुठीजवळ एक लहान छिद्र ठेवलेले आहे. ते उघडे असेल तर हवा तेथूनच आत जाते व टोकाशी ओढ मंद राहते. बोटाने झाकले की टोकाशी पूर्ण ओढ लागते. न बटण, न झडप. बासरीवाल्याप्रमाणे बोटाने ताकद कमीजास्त करावयाची. मेंदू वा मज्जातंतूजवळ काम करताना हे एक छिद्र फार मोठे काम करते.

नळी बारीक केली की जागा कमी अडते, पण एक अडचण येते. संथ वाहणाऱ्या द्रवाचा प्रवाह नळीच्या त्रिज्येच्या चौथ्या घातावर अवलंबून असतो. व्यास निम्मा केला तर त्याच ओढीवर प्रवाह सोळावा भाग उरतो. शिवाय रक्ताची गुठळी अडकते ती वेगळीच. म्हणून बारीक नळीबरोबर आतून फिरविण्याची तार दिलेली असते. रुंद नळी नजर अडविते आणि अरुंद नळी तुंबते. या दोहोंमधील योग्य माप शोधणे, हेच रचनाकाराचे काम.

नजरेची रेषा

द्रव ओढून घेतला तरी पेशीजाल आणि हात उरतातच. पेशीजाल बाजूला धरण्यासाठी रिट्रॅक्टर असतात. जर्मन सर्जन लांगेनबेक यांच्या नावाचा काटकोनी पात्याचा रिट्रॅक्टर सर्वपरिचित आहे. त्याचे पाते आत आणि धरणाऱ्याचा हात बाहेर, कडेला राहतो. परंतु तो धरायला एक माणूस लागतो, आणि लहान गावातील रुग्णालयात तेवढाच मदतनीस हजर असतो. म्हणून स्वतःहून उघडे राहणारे, दात्याची अडकण असलेले रिट्रॅक्टर तेथे अधिक उपयोगी पडतात. रक्तवाहिनी पकडणारा जो चिमटा आपल्याकडील ऑपरेशन थिएटरात 'आर्टरी' म्हणून मागितला जातो, त्याचेही मर्म या अडकणीतच आहे. एकदा अडकविला की हात मोकळा होतो.

नाक व मेंदूच्या शस्त्रक्रियेत वापरला जाणारा चिमटा संगिनीच्या वळणाचा असतो. बंदुकीच्या नळीला संगीन जशी बाजूने जोडलेली असते, तशी त्याची मूठ टोकाच्या रेषेपासून सरकवलेली असते. त्यामुळे बोटे नजरेच्या रेषेबाहेर जातात आणि टोक मात्र सरळ समोर दिसते. प्रकाशाचाही विचार करावा लागतो. आरशासारखे झगझगीत पोलाद दिव्याचा झोत डोळ्यावर परतवते, म्हणून चांगल्या अवजारांना मंद झिलई देतात.

मोतीबिंदूची दुहेरी नळी

डोळ्याच्या शस्त्रक्रियेत हे सर्व प्रश्न एकाच ठिकाणी येतात. बुबुळापुढील कप्पा जेमतेम ३ मिलिमीटर खोल असतो. आतील द्रव नुसता शोषला तर कप्पाच मिटतो आणि भिंगामागचा अतिपातळ पडदा फाटण्याचा धोका निर्माण होतो. अमेरिकन नेत्रसर्जन सिमको यांच्या नावाची कॅन्युला म्हणजे शेजारी शेजारी जोडलेल्या दोन बारीक नळ्या. एकीतून वर टांगलेल्या बाटलीतील सलाईनसारखा द्रव आत येतो, दुसरीतून भिंगाचे अवशेष पिचकारीने शोषले जातात. येणारे व जाणारे पाणी सारखे राहिले की कप्पा भरलेला आणि स्वच्छ राहतो. तिला वीज लागत नाही, मोटार लागत नाही.

१९६७ मध्ये चार्ल्स केलमन यांनी ध्वनिलहरींनी भिंग फोडणाऱ्या यंत्राची पद्धत आणली. तिच्यात द्रव सोडणे, फोडणे व शोषणे ही तिन्ही कामे एकाच मुठीत असतात. पद्धत उत्तम, पण यंत्र महाग. पुण्याच्या एच. व्ही. देसाई नेत्र रुग्णालयात ४०० रुग्णांवर या पद्धतीची व हाताने करावयाच्या लहान छेदाच्या शस्त्रक्रियेची तुलना झाली. तिचे सहा आठवड्यांचे निष्कर्ष २००५ मध्ये प्रसिद्ध झाले. चष्म्याशिवाय यंत्राचा गट काहीसा पुढे होता. चष्म्यासह मात्र दोन्ही गटांत ९८ टक्क्यांहून अधिक रुग्णांना चांगली दृष्टी मिळाली. साधे अवजार नीट घडविले व कुशल हातात दिले, तर ते महाग यंत्राच्या जवळ पोहोचते, हे यावरून दिसते. अम्मार यांच्या पोकळ सुईचा वारसा अशा रीतीने आपल्या भागातील शिबिरांपर्यंत पोहोचला आहे.

सर्जन आणि कारागीर

ही अवजारे कोठे घडतात? जर्मनीतील टुटलिंगन येथे १८६७ मध्ये येटर नावाच्या सुऱ्या घडविणाऱ्या कारागिराने वैद्यकीय अवजारांचे काम सुरू केले आणि पुढे ते गाव याच उद्योगाचे केंद्र बनले. आज पाकिस्तानात असलेल्या सियालकोटच्या उद्योगाचा आरंभ तेथील मिशन रुग्णालयाची अवजारे स्थानिक लोहारांनी दुरुस्त करण्यातून झाला, असे सांगितले जाते. दुरुस्ती करता करता ते नवी अवजारे घडवू लागले.

आपल्या भागातही मिशन रुग्णालय होते. डॉ. विल्यम वानलेस यांनी १८९४ मध्ये मिरजेत रुग्णालय उभे केले. मिरजेत धातूचे कसबी हातही होते. तेथील सतारमेकर घराण्यांचे पूर्वज शिकलगार, म्हणजे शस्त्रांना धार व झिलई देणारे. हा शब्द फारसी 'सैकलगर'वरून आला आहे. परंतु एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून हे कसब सतार-तंबोऱ्यांकडे वळले होते आणि मिरजेचे नाव संगीतासाठी झाले. तलवारीचे दिवस संपल्यावर एका गावाचा हात वाद्याकडे गेला, दुसऱ्या गावाचा चिमट्याकडे. दोन्ही कामे मानाचीच. पण दुसऱ्या कामाची गरज आपल्याकडे अजून शिल्लक आहे.

बेळगावात १९६३ पासून जवाहरलाल नेहरू वैद्यकीय महाविद्यालय आहे, अभियांत्रिकी शिक्षणाची सोय आहे आणि उद्यमबागेत ओतकाम व यंत्रकामाचे कारखाने आहेत. सर्जन, अभियंता आणि कारागीर एकाच शहरात आहेत. त्यांनी एका टेबलाभोवती बसणे एवढेच उरते. तेथे विचारावयाचे प्रश्न अवघड नाहीत. मूठ कोणाच्या हातासाठी आहे? शस्त्रक्रियेचे हातमोजे अर्ध्या अर्ध्या मापाच्या फरकाने मिळतात, पण चिमट्याची कडी बहुधा एकाच मापाची असते; लहान हाताच्या स्त्री-सर्जनला ती सैल पडते. निपाणीत दिवसभर कात्रीने तेंदूपत्ता कापणाऱ्या विडी कामगार स्त्रीला कडीच्या मापाचे महत्त्व कोणी शिकवावे लागणार नाही. वीज गेली आणि पायाने चालणाऱ्या पंपावर काम आले, तर नळी पुरेशी ओढेल काय? नळीच्या आत ब्रश जाईल काय? आत वाळलेले रक्त राहिले, तर ऑटोक्लेव्हमधील १२१ अंशांची वाफही तिथपर्यंत नीट पोहोचत नाही, आणि एका रुग्णाची जागा स्वच्छ ठेवणारी नळी दुसऱ्याला रोग देते.

समारोप

सुश्रुत, जहरावी आणि आजचे सर्जन यांच्यामध्ये शतकांचे अंतर आहे, परंतु तिघांनीही हातालाच केंद्रस्थानी ठेवले आहे. हात हे प्रधान साधन आहे, आणि नजरेच्या आड येणारा अडथळाही तोच आहे. चांगले अवजार हाताची ताकद आत पोहोचविते आणि हाताला बाहेर ठेवते. शोषणनळीचे बोटाखालचे छिद्र, चिमट्याची सरकवलेली मूठ, मोतीबिंदूची जोडनळी ही सर्व या एकाच तत्त्वाची रूपे होत. विज्ञान, अभियांत्रिकी व परिचर्या शिकणाऱ्या सीमाभागातील विद्यार्थ्यांनी हा विषय प्रकल्पासाठी अवश्य निवडावा. त्यासाठी मोठी प्रयोगशाळा लागत नाही. थिएटरमधील सिस्टरला एक प्रश्न विचारून आरंभ करता येईल : कोणते अवजार रोज अडते, आणि कोठे?