पाच मिनिटांसाठी निकाहची डीव्हीडी पणाला लावू नका

लॅपटॉपमधला डीव्हीडी रायटर किती वेगाने लिहील, हे त्याच्यातले फर्मवेअर, म्हणजे आत साठवलेल्या सूचना, ठरवतात. कोणत्या डिस्कला किती वेग झेपेल, याची यादी त्यात असते. काही हौशी तंत्रज्ञ ही यादी परस्पर बदलतात. मग ४ एक्सची डिस्क ८ एक्सने लिहिली जाते. ४.७ जीबीची डिस्क ४ एक्सने साधारण १४ मिनिटांत भरते; वेग वाढवून पाच-सहा मिनिटे वाचतात. पण वेग झेपला नाही तर चुका वाढतात, डिस्क दुसऱ्या प्लेअरवर अडखळते. फर्मवेअर बदलताना लॅपटॉप बंद पडला, तर रायटरच निकामी होऊ शकतो. निकाहचे चित्रण, दादीचा आवाज पुन्हा मिळत नाही. म्हणून सबुरीने लिहा, डिस्क तपासा, मूळ फाइल जपून ठेवा.