पितृऋण आणि अपुरी पोथी

भाद्रपदाचा कृष्णपक्ष लागला की आपल्या घराघरांतून तिथी पाहिल्या जातात. कोणाच्या वडिलांची पंचमी असते, कोणाच्या आईची अविधवा नवमी असते, आणि ज्यांची तिथी कोणासच ठाऊक नाही अशांसाठी सर्वपित्री अमावास्या असते. दर्भ, तीळ, पिंड, काकबली ही सारी सिद्धता यथासांग होते. मनुष्य तीन ऋणे घेऊनच जन्मास येतो असे शास्त्राने सांगितले आहे: देवऋण, ऋषिऋण आणि पितृऋण. यांपैकी पितृऋण हे आपल्याला सर्वांत जवळचे वाटते, कारण त्या धनकोचा चेहरा आपण डोळ्यांनी पाहिलेला असतो.

परंतु वाचकहो, श्राद्धविधी मनोभावे पार पाडल्यावरही एक प्रश्न उरतोच. गेलेला माणूस जे कार्य अर्ध्यावर सोडून गेला, त्याचे काय? विहीर अर्धी खणलेली असते, मुलीचे शिक्षण मध्यावर आलेले असते, पोथी उतरवता उतरवता थांबलेली असते. ह्या प्रश्नाचे उत्तर महाराष्ट्रातील एका ख्रिस्ती घराने पुस्तकातून नव्हे, आचरणातून दिले. त्याच घराचे आख्यान आज लावावे असे आम्ही योजिले आहे.

पितृपक्षाच्या पानावर ख्रिस्ती घराची कथा कशासाठी, अशी शंका कोणाच्या मनात येईल. तिचे समाधान इतकेच की शोकाला पंथ नसतो. शिवाय हा शेजार आपल्याला नवा नाही. आमच्या यवतमाळ नगरीत १९५३ पासून १९८३ पर्यंत युनियन बिब्लिकल सेमिनरी ही ख्रिस्ती धर्मशिक्षणाची संस्था होती. ती पुढे पुण्यास गेली. ज्यांच्या नातलगांचे दफन होते त्यांचेही अश्रू खारटच असतात, हे ज्या गावाने पाहिले त्याला अधिक सांगणे न लगे.

बाणभट्टाच्या पुत्राची साक्ष

प्रथम थोडा पूर्वरंग. आदिकवी वाल्मीकींच्या मुखातून पहिला श्लोक निघाला तो तमसातीरी, व्याधाच्या बाणाने पडलेल्या क्रौंचासाठी. शोकाचाच श्लोक झाला, असे परंपरा सांगते. म्हणजे आपल्या वाङ्मयाचा उगमच एका मृत्यूपाशी आहे. परंतु केवळ शोक झाला आणि श्लोक निघाला एवढ्याने भागले नाही. त्या एका श्लोकानंतर महर्षींना अवघे रामायण रचावे लागले.

दुसरे उदाहरण बाणभट्टाचे. ‘कादंबरी’ अपुरी असतानाच त्याने देह ठेवला. पुढचा भाग त्याच्या पुत्राने लिहिला. त्याचे नाव कोणी भूषणभट्ट सांगतात, कोणी पुलिंदभट्ट. वडील गेले आणि कथेचा प्रवाह खुंटला, याचे सज्जनांना दुःख झाले म्हणून आपण लेखणी धरली, कवित्वाच्या अभिमानाने नव्हे, असे तो आरंभीच नम्रपणे सांगतो. पित्याच्या तोडीचे लिहिता येणार नाही हे त्या पुत्राला ठाऊक होते. तरीही त्याने पोथी पुरी केली. आमच्या अल्पमतीस हे श्राद्धच वाटते.

असो. आता आख्यान.

नारायण वामन टिळकांचे घर

टिळक म्हटले की यवतमाळकरांना लोकमान्य आठवतात, आणि वणीत जन्मलेल्या लोकनायक बापूजी अणे यांनी त्यांच्यावर रचलेला ‘श्रीतिलकयशोऽर्णव’ हा संस्कृत ग्रंथ आठवतो. आज आम्ही ज्यांच्याविषयी बोलत आहोत ते नारायण वामन टिळक. जन्म ६ डिसेंबर १८६१, रत्नागिरी जिल्ह्यातील करजगाव येथे. संस्कृताचा व्यासंग दांडगा आणि वाणी रसाळ. आपल्या नागपुरात आप्पासाहेब बुटी यांच्या आश्रयाने त्यांनी ‘ऋषि’ नावाचे मासिक चालविले. नागपूरहून राजनांदगावास जाताना आगगाडीत एका युरोपियन प्रवाशाने त्यांच्या हाती नवा करार ठेवला, आणि १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

त्या दिवशी एका घराची दोन घरे झाली. पत्नी लक्ष्मीबाई, माहेरच्या गोखले, नाशिकजवळील जलालपूरच्या. पती जिवंत असून दुरावलेला, पदरी लहानगा दत्तू. त्या काही वर्षे आप्तांच्या आधाराने राहिल्या. पुढे पतीकडे आल्या त्याही आपला धर्म सांभाळून, आपले अन्नपाणी वेगळे ठेवून. हळूहळू त्यांचे मन पालटले आणि १९०० साली त्यांनीही तो मार्ग स्वीकारला. कोणाचे बरोबर आणि कोणाचे चूक हा न्यायनिवाडा येथे करावयाचा नाही. आमचे लक्ष आहे ते ह्या माउलीने शोकाचे काय केले याकडे.

शोकाचा एक मार्ग त्यांनी बालपणीच पाहिला होता. त्यांच्या आईचे वडील १८५७ च्या धामधुमीत फासावर गेले. त्या आघाताने लक्ष्मीबाईंच्या वडिलांच्या मनाने सोवळ्याचा असा ध्यास घेतला की बाजारातून आलेला जिन्नस धुतल्यावाचून घरात येईना, आणि त्या धुण्यापुसण्यात घरातल्या बायकामुलांचे हाल झाले. म्हणजे शोकाने एक भिंत उभी केली, आणि जिवंत माणसे त्या भिंतीआड कोंडली गेली. आपल्याही ओळखीच्या घरांत असे घडते. मेलेल्याचे दुःख जिवंतांवर काढले जाते.

लक्ष्मीबाईंच्या वाट्याला पुढे जे आले ते काही कमी नव्हते. दुष्काळ आणि प्लेग यांचा तो काळ. अहमदनगरच्या त्यांच्या घरी त्र्यंबक बापूजी ठोमरे नावाचा एक मुलगा पुत्रवत राहिला. तोच आपल्या सर्वांचा लाडका बालकवी. ५ मे १९१८ रोजी जळगावनजीक भादली येथे आगगाडीखाली त्याचा अंत झाला. वय अवघे सत्तावीस. त्यानंतर एक वर्ष आणि चार दिवसांनी, ९ मे १९१९ रोजी, स्वतः टिळक मुंबईत निवर्तले. त्यांच्या इच्छेप्रमाणे देहाचे दहन झाले आणि अस्थी अहमदनगरास, म्हणजे आजच्या अहिल्यानगरास, नेण्यात आल्या.

टिळक मागे काय ठेवून गेले? धनदौलत नव्हतीच. मागे राहिली एक अपुरी पोथी. येशू ख्रिस्ताचे चरित्र ओवीछंदात, आपल्या प्राकृत ग्रंथांच्या धाटणीने गावे, असा संकल्प करून त्यांनी ‘ख्रिस्तायन’ आरंभिले होते. दहा अध्याय पुरे झाले, अकरावा मध्येच थांबला.

ही पोथी पुरी करण्याचा अधिकार कोणाचा, असे त्या काळच्या विद्वानांना विचारले असते तर लक्ष्मीबाईंचे नाव कोणी घेतले नसते. त्यांना अक्षरओळख झाली ती लग्नानंतर, पतीच्या हातून. जोडाक्षरांशी त्यांचे सख्य कधी जमलेच नाही. परंतु ह्याच बाईंनी पतीच्या मागे लेखणी उचलली आणि पुढचे चौसष्ट अध्याय लिहिले. २४ फेब्रुवारी १९३६ रोजी त्याही गेल्या, तेव्हा शेवट तेवढा राहिला होता. तो एक अध्याय पुत्र देवदत्त यांनी लिहिला. पतीने आरंभ केला, पत्नीने भार वाहिला, पुत्राने समाप्ती केली. बाणभट्टाच्या घरी हे दोघांत झाले; येथे तिघे लागले, आणि मधला, सर्वांत लांबचा पल्ला एका विधवेने चालून काढला.

आणखी एक गोष्ट. वडिलांचे चरित्र सिद्ध व्हावे म्हणून देवदत्तांनी आईला आठवणी लिहिण्याची गळ घातली. त्यांतून ‘स्मृतिचित्रे’ हा ग्रंथ झाला. १९३४ ते १९३६ या काळात तो चार भागांत प्रसिद्ध झाला, आणि आज मराठीतील श्रेष्ठ आत्मचरित्रांत त्याची गणना होते. त्यात भांडणे आहेत, उपासमार आहे, मृत्यू आहेत. कडवटपणा मात्र नाही. गेलेल्या पतीला देव्हाऱ्यात न बसविता, त्याच्या हट्टांसह आणि गंमतींसह त्यांनी पुन्हा घरात आणून बसविले. पुढे नातू अशोक टिळक यांनी त्या ग्रंथाची संपादित आवृत्ती सिद्ध केली. वारसा म्हणतात तो हा.

पौराणिकाची कन्या

असेच दुसरे घर पंडिता रमाबाईंचे, आणि ते तर आमच्याच व्यवसायातले. वडील अनंतशास्त्री डोंगरे क्षेत्रोक्षेत्री पुराण सांगत हिंडत. लोकनिंदा सोसून त्यांनी पत्नीला आणि मुलींना संस्कृत शिकविले. १८७४ च्या सुमाराच्या दुष्काळात वडील, आई आणि थोरली बहीण काही महिन्यांच्या आत गेली. मागे राहिली रमा आणि तिचा भाऊ. भाऊ १८८० त गेला, पती १८८२ त गेले. १८८३ साली इंग्लंडात त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला.

ज्या मुलीच्या घरची तीन माणसे उपासमारीने गेली, तिने पुढे काय केले? १८९६ च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात आल्या आणि शेकडो अनाथ मुलींना पुण्याजवळील केडगावास घेऊन गेल्या. १८९९-१९०० च्या दुष्काळाने आमच्या वऱ्हाडालाही होरपळले. तेव्हा आपला जिल्हा वणी जिल्हा म्हणून ओळखला जाई, यवतमाळ हे नाव त्यास १९०५ साली मिळाले. १९२१ साली रमाबाईंची एकुलती एक कन्या मनोरमा निवर्तली. तो घावही झेलून त्यांनी हिब्रू आणि ग्रीक मुळांवरून चालविलेले बायबलचे मराठी भाषांतर तडीस नेले, आणि ५ एप्रिल १९२२ रोजी देह ठेवला. ग्रंथ त्यांच्या मागे छापून पुरा झाला. पित्याने दिलेली विद्या शेवटच्या श्वासापर्यंत कामी आली.

ख्रिस्ती शास्त्र शोकाविषयी काय सांगते

ह्या मंडळींना बळ कोठून मिळाले हे समजावे म्हणून त्यांच्या शास्त्रातील तीन प्रसंग आम्ही येथे सांगतो. पहिला ईयोबाचा. धन गेले, मुले गेली, देह व्याधीने ग्रासला. त्याचे तीन मित्र आले आणि सात दिवस, सात रात्री त्याच्यासोबत जमिनीवर नुसते बसून राहिले. कोणी एक शब्द बोलला नाही. त्यांनी पुढे उपदेश सुरू केला आणि तेथे त्यांचे चुकले. मौनात होते तोवर ते खरे मित्र होते.

दुसरा प्रसंग लाजाराचा. आपला मित्र उठणार हे ठाऊक असूनही, त्याच्या बहिणीचे रडणे पाहून येशूच्या डोळ्यांतून अश्रू आले. म्हणजे श्रद्धावंताने रडू नये, असे तो धर्म सांगत नाही. तिसरा प्रसंग वधस्तंभावरचा. प्राण जात असताना येशूने आपली आई एका शिष्याच्या हाती सोपविली, आणि शिष्याने तिला आपल्या घरी नेले. मरणाऱ्याचा वारसा काय, तर त्याच्या मागे राहिलेल्या माणसाची काळजी.

आपल्या जिल्ह्याचे काय?

वाचकहो, हे आख्यान आम्ही केवळ वाङ्मयप्रेमाने लावलेले नाही. आपला जिल्हा कापसाचा, पावसाच्या भरवशाचा. गेल्या काही दशकांत ह्या जिल्ह्यातील कित्येक कर्त्या पुरुषांनी कर्जाच्या आणि नापिकीच्या ओझ्याखाली आपला प्राण दिला. त्यांच्या घरीही पितृपक्ष येतो. तेथे पान वाढले जाते, आणि वाढणारी बाई पुष्कळदा वयाने तिशीचीही नसते. दहा दिवस अंगण भरलेले असते. चौदाव्या दिवशी ती आणि तिची लेकरे.

अशा घरी गेल्यावर आपण काय करतो? कर्ज किती होते, घरात कोणाशी काही झाले होते काय, असे विचारतो. ईयोबाच्या मित्रांचे पहिले सात दिवस आपण विसरतो आणि आठवा तेवढा लक्षात ठेवतो. आमची विनंती अशी की प्रथम मुकाट्याने बसावे. नंतर त्या माणसाचे अपुरे काम कोणते, ते पाहावे. पेरणीला बैलजोडी हवी असेल तर ती द्यावी. मुलगी दहावीला असेल तर तिचे शिक्षण थांबू देऊ नये. वारसाची नोंद होऊन सातबाऱ्यावर त्या माउलीचे नाव लागेल यासाठी दिराने आणि सासऱ्याने स्वतः पुढे व्हावे. आड येऊ नये. पिंडाला दर्भ लागतो तसा ह्या श्राद्धाला सातबारा लागतो.

आणि तिला काही करता येणार नाही असे कोणी म्हणू नये. जानेवारी २०१९ मध्ये यवतमाळात अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले, तेव्हा त्याचे उद्घाटन चिंतामणीच्या कळंब तालुक्यातील एका शेतकऱ्याच्या विधवेने केले. सरस्वतीच्या दरबारात तिचे शब्द अवघ्या महाराष्ट्राने ऐकले. जोडाक्षरांना अडखळणाऱ्या लक्ष्मीबाईंचीच ती धाकटी बहीण, असे आम्ही म्हणू.

तात्पर्य, शोकाला दोन वाटा आहेत. एक भिंतीकडे जाते, दुसरी पोथीकडे. सर्वपित्री अमावास्येला पान वाढून झाल्यावर, काकस्पर्श झाल्यावर, घरातल्या वडीलधाऱ्यांनी मुलांना जवळ बसवावे आणि सांगावे: तुमच्या आजोबांचे हे एवढे काम राहिले आहे, आता ते आपल्याकडे आले आहे. मग त्यातील एक ओळ, एक तास, एक सरी त्याच दिवशी पुरी करावी. पितर तृप्त होतील.