माऊस उड्या मारतो तेव्हा

पडद्यावरचा बाण मध्येच उडी मारतो किंवा नुसता थरथरतो. आपण माऊस आपटतो आणि नवा आणायला निघतो. त्याआधी तो उलटा करून पाहा.

खालच्या छिद्रात दिवा आणि चिमुकला कॅमेरा असतो. तो टेबलाची सेकंदाला हजाराहून अधिक छायाचित्रे घेतो आणि लागोपाठच्या चित्रांतल्या फरकावरून माऊस किती सरकला ते ठरवतो. छिद्रात एखादा केस अडकला तरी हा हिशेब चुकतो. कोरड्या कापसाच्या काडीने तो काढावा. फुंकर नको, थुंकी भिंगावर बसते. काचेच्या टेबलावर कॅमेऱ्याला ओळखीच्या खुणाच सापडत नाहीत. साधा कागद ठेवून पाहा. बाण शांत झाला, तर दोष टेबलाचा!

बिनतारी माऊस बहुधा २.४ गिगाहर्ट्‌झवर चालतो. त्याच्या रिसीव्हरशेजारी यूएसबी ३.० ची हार्ड डिस्क जोडली असेल, तर तिचा गोंगाट त्याच पट्ट्यात येतो. रिसीव्हर दुसऱ्या बाजूला लावा. सेल बदलून पाहा, हे वेगळे सांगायला नको. एका क्लिकचे दोन होऊ लागले, तर मात्र बहुतेकदा आतला स्विच झिजलेला असतो. पुसून भागत नाही.

दुरुस्ती लांबवू नये, कारण हट्टी माऊस आपण नकळत आवळून धरतो आणि मनगट वर वाकवतो. मनगटातल्या अरुंद बोगद्यातून मेडियन नर्व्ह जाते. मनगट वाकले की तिथला दाब वाढतो. अंगठा आणि शेजारच्या दोन बोटांना रात्री मुंग्या येत असतील, तर नुसता माऊस बदलून थांबू नका, डॉक्टरांना हात दाखवा.