डोंगरमाथ्याची रेघ, खडकाची वाट

नकाशावर पाणलोट आखणं सोपं. डोंगरमाथ्यावरून रेघ ओढली की आतला पाऊस एकाच ओढ्याला येऊन मिळतो. पण दख्खनच्या काळ्या पाषाणाला ती रेघ ठाऊक नसते. लाव्हाचे थर जवळजवळ आडवे. भेगाळ, सच्छिद्र थरात मुरलेलं पाणी आडवं सरकतं आणि कधी टेकडीपलीकडे झरा होऊन निघतं. बंधारा आमचा, भरली शेजाऱ्याची विहीर! म्हणून बांधाची जागा ठरवण्याआधी अभियंत्याने भूगर्भतज्ज्ञाला विचारलेलं बरं.

अडवलेलं पाणी वाटायचं कसं, हे मात्र या दोघांच्याही पुस्तकात नसतं. १९७२ च्या दुष्काळानंतर पुरंदर तालुक्यातल्या नायगावात विलासराव साळुंखे यांनी हा प्रश्न हाती घेतला. ते स्वतः अभियंता. तरी त्यांची पाणी पंचायत गाजली ती नियमांमुळे. पाणी माणशी मोजायचं, जमिनीवर नाही, भूमिहीनांनाही वाटा, ऊस बंद. एकाच माणसाला इतकं सुचणं विरळच. एरवी भूगर्भ, शेती आणि समाज जाणणाऱ्यांना एकत्र शिवार फिरावं लागतं. सोबत विहिरीचा तळ कोणत्या महिन्यात दिसतो हे सांगणारा शेतकरी हवाच.