शूबा : कंदमुळांचा कोट पांघरलेला मासा

रशियात 31 डिसेंबरच्या रात्री घरोघरी मांडल्या जाणाऱ्या मेजवानीत एक गडद जांभळट-गुलाबी रंगाचा पदार्थ हमखास असतो. वरून पाहता तो एखाद्या केकसारखा दिसतो. कापल्यावर मात्र त्यात बीट, गाजर, बटाटा, कांदा आणि तळाशी खारवलेला हेरिंग मासा असे थर उलगडतात. त्याचे नाव ‘सिल्योद्का पोद शूबोय’, म्हणजे फरचा कोट पांघरलेले हेरिंग. बोलण्यात त्याला नुसते ‘शूबा’ म्हणतात. भारतात ‘रशियन सॅलड’ या नावाने परिचित असलेले बटाट्याचे सॅलड मॉस्कोतील ऑलिव्हिए सॅलडच्या कुळातले. शूबा हे त्याच मेजवानीतले दुसरे मानाचे पान.

या पदार्थाच्या जन्माविषयी एक कथा सांगितली जाते. क्रांतीनंतरच्या अस्थिर काळात, 1918 च्या अखेरीस, मॉस्कोतील एका खाणावळवाल्याने भांडखोर गिऱ्हाइकांना शांत करण्यासाठी तो योजला. त्यात हेरिंग कामगारांचे, बटाटा-गाजर शेतकऱ्यांचे आणि बीट लाल निशाणाचे प्रतीक होते, असे म्हणतात. कथा रंजक असली तरी तिला कागदोपत्री आधार नाही. हेरिंग, बीट आणि बटाटा एकत्र करून केलेली सॅलडे स्कँडिनेव्हिया व उत्तर जर्मनीतही जुनी आहेत. शूबाचे खरे मूळ एखाद्या प्रसंगापेक्षा थंड प्रदेशाच्या साठवणुकीच्या शेतीत शोधणे अधिक योग्य ठरेल.

साठवणुकीचे अन्न, सणाचे ताट

रशियाच्या मोठ्या भागात डिसेंबरमध्ये जमीन गोठलेली असते. शेतात हिरवे काही नसते. अशा वेळी हाताशी राहते ते शरद ऋतूत काढून तळघरात ठेवलेले बीट, गाजर, बटाटे, कांदे आणि पिंपात खारवलेला मासा. सोव्हिएत काळात 1935 च्या अखेरीस नववर्षाच्या वृक्षाला अधिकृत मान्यता मिळाली आणि नववर्ष हाच घराघरांतील मुख्य सण झाला. त्या सणाचे ताट साठवणुकीच्या अन्नातूनच सजणार, हे ओघानेच आले. रोजच्याच वस्तू, परंतु त्या किसून, थर लावून, रात्रभर मुरवून त्यांना सणाचे रूप दिले गेले.

यांतील बटाटा रशियन मातीत सहजासहजी रुजला नाही. 1765 मध्ये सम्राज्ञी दुसऱ्या कॅथरीनच्या काळात त्याच्या प्रसाराचे आदेश निघाले. पुढे 1840 च्या दशकात लागवडीच्या सक्तीविरुद्ध शेतकऱ्यांनी उठाव केले. ज्या पिकाला एके काळी एवढा विरोध झाला, तेच पुढे तेथील लोकांचे मुख्य अन्न बनले.

याच बटाट्याशी कृषी संशोधनाच्या इतिहासातील एक करुण प्रकरण जोडलेले आहे. वनस्पतिशास्त्रज्ञ निकोलाय वाव्हिलोव्ह यांच्या संस्थेने जगभरातून बियाणे गोळा केले होते. दक्षिण अमेरिकेतून आणलेले बटाट्याचे वाण व रानटी प्रकारही त्यात होते. सप्टेंबर 1941 मध्ये लेनिनग्राडला वेढा पडला. शहराबाहेरील पाव्हलोव्हस्क येथील प्रक्षेत्रावरून बटाट्याचे नमुने तोफांच्या माऱ्यात खणून शहरात आणले गेले आणि ते गोठू नयेत म्हणून कर्मचाऱ्यांनी मिळेल ते जाळून तळघर उबदार ठेवले. बाहेर लोक उपासमारीने मरत होते. आत धान्य आणि कंद होते. तरी संशोधकांनी त्याला हात लावला नाही. भाताचे तज्ज्ञ दिमित्री इव्हानोव्ह आणि भुईमुगाचे तज्ज्ञ अलेक्सांद्र शुकिन यांच्यासह अनेकांनी त्या संग्रहाजवळच भुकेने प्राण सोडले. स्वतः वाव्हिलोव्ह त्या वेळी तुरुंगात होते; जानेवारी 1943 मध्ये सारातोव्ह येथील कारागृहात त्यांचे निधन झाले.

साहित्य (6 ते 8 जणांसाठी)

खारवलेल्या हेरिंगचे काटे काढलेले तुकडे 250 ते 300 ग्रॅम, बटाटे 300 ग्रॅम, गाजर 200 ग्रॅम, बीट 400 ग्रॅम, मध्यम कांदा 1, अंडी 3, मेयोनेझ 200 ग्रॅम.

कृती

1. बीट, बटाटे व गाजर सालीसकट वेगवेगळे उकडावेत. बीटला आकारानुसार 45 ते 60 मिनिटे, बटाटे व गाजरांना सुमारे 25 मिनिटे लागतात. बीटचे देठ पूर्ण छाटू नयेत व शेपटी कापू नये. कापल्यास त्यातील बीटालेन हे जलविद्राव्य रंगद्रव्य पाण्यात उतरते आणि कंद फिका पडतो.
2. सर्व भाज्या पूर्ण थंड करून सोलाव्यात व वेगवेगळ्या किसाव्यात. कोमट भाज्यांवर मेयोनेझ फुटते आणि पाणी सुटते. अंडी कडक उकडून एक बलक सजावटीसाठी बाजूला ठेवावा.
3. कांदा बारीक चिरून त्यावर उकळते पाणी ओतावे व लगेच निथळावे. उग्रपणा कमी होतो.
4. मासा फार खारट असल्यास अर्धा तास थंड दुधात वा पाण्यात ठेवून निथळावा व बारीक तुकडे करावेत.
5. पसरट भांड्यात मासा, त्यावर कांदा, मग बटाटा, गाजर, अंडी आणि सर्वांत वर बीट असे थर लावावेत. प्रत्येक थरावर मेयोनेझचा पातळ हात द्यावा; थर दाबू नयेत. काही घरांत बटाटा तळाशी घालतात.
6. वरून मेयोनेझ पसरून बलक किसून घालावा. झाकून किमान 6 तास, शक्यतो रात्रभर, शीतकपाटात ठेवावे. या काळात बीटचा रस वरच्या मेयोनेझमध्ये उतरून त्याला गुलाबी छटा येते व थर एकजीव होतात.

भारतीय स्वयंपाकघरात

बटाटा निवडताना शुष्क पदार्थाचे प्रमाण पाहावे. कुफरी चिप्सोनासारखे वाण वेफर्ससाठी उत्तम. परंतु जास्त शुष्क पदार्थामुळे ते उकडल्यावर भुसभुशीत होतात. सॅलडला घट्ट राहणारा, मेणचट बटाटा हवा. गाजर नारिंगी असो वा उत्तर भारतातील लाल, दोन्ही चालतात. नारिंगी रंग मुख्यतः बीटा-कॅरोटिनचा, तर लाल रंग लायकोपिनचा. बीटमध्ये डेट्रॉईट डार्क रेड व क्रिमसन ग्लोब हे आपल्याकडे रुळलेले वाण उत्तम रंग देतात. अर्धे मेयोनेझ वगळून त्याऐवजी दह्याचा चक्का वापरल्यास स्निग्धांश कमी होतो.

हेरिंग भारतीय समुद्रात मिळत नाही; आपली तारली आणि बंगालची इलिश ही त्याच गणातील मासळी. घरी करताना ताजा बांगडा किंवा सुरमई वाफवून, काटे काढून, मीठ व लिंबूरसात मुरवून वापरणे सुरक्षित. बाजारातील खारवून सुकवलेली मासळी न शिजवता यात घालू नये.

सुरक्षिततेचे चार नियम

पहिला, कच्चा समुद्री मासा घरी केवळ मिठात मुरवून खाऊ नये. त्यात ॲनिसाकिस हा परजीवी असू शकतो. तो नष्ट होण्यासाठी मासा उणे 20 अंश सेल्सिअसला 7 दिवस गोठवावा लागतो किंवा पूर्ण शिजवावा लागतो.

दुसरा, बांगडा, तारली, हेरिंग यांसारखी मासळी पकडल्यानंतर बर्फाविना राहिल्यास जिवाणूंमुळे तिच्यात हिस्टामिन तयार होते. एकदा तयार झालेले हिस्टामिन शिजवल्याने किंवा खारवल्याने जात नाही. म्हणून ताटातील सुरक्षितता होडीवरच्या बर्फापासून सुरू होते. मच्छीमाराने पहिल्या तासात टाकलेल्या बर्फाची भरपाई स्वयंपाकघरात करता येत नाही.

तिसरा, मेयोनेझ आम्ल असल्याने सॅलड टिकते, हा समज चुकीचा आहे. बटाटा व अंड्यात मिसळताच ते आम्ल सौम्य होते. तयार पदार्थ 4 अंश किंवा त्याखाली ठेवावा, 2 तासांहून अधिक बाहेर ठेवू नये व 2 दिवसांत संपवावा. मेयोनेझ पाश्चरीकृत अंड्यांचेच घ्यावे.

चौथा, जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीनुसार प्रौढाने दिवसाला 5 ग्रॅमहून कमी मीठ खावे. खारवलेल्या माशासोबत भाज्यांत वेगळे मीठ घालू नये. रक्तदाबाच्या रुग्णांनी वाफवलेला ताजा मासाच वापरावा.

बटाटा, गाजर, बीट आणि स्वस्त मासळी ही आपल्या हिवाळी बाजारातही विपुल मिळणारी सामग्री आहे. ती नीट साठवली, नीट थंड राखली, तर साध्या उत्पादनातूनही सणाचे ताट सजते. वेढ्यातील त्या तळघरातला बटाटा खाण्यासाठी नव्हे, पुढच्या पेरणीसाठी राखला गेला होता. शूबाचा बटाट्याचा थर लावताना तेवढे स्मरण असावे.