पांझरेचा पूर आणि पूर्वेचा समुद्र

पांझरा आणि कान या नद्या धुळे जिल्ह्यातील साक्री तालुक्याच्या पश्चिमेकडील डोंगरांतून उतरून पूर्वेकडे वाहत असल्यामुळे, पूर आला की साऱ्यांची नजर सह्याद्रीकडे वळावी हे स्वाभाविकच होय. परंतु ज्या अतिवृष्टीने या नद्या बेफाम होतात तिची सनद बहुधा पूर्वेला, शेकडो कोस दूर बंगालच्या उपसागरावर लिहिली गेलेली असते.

अरबी समुद्रावरून येणारे वारे आपला बहुतेक जलसंचय कोकणात आणि घाटमाथ्यावरच रिता करतात. साक्री तालुक्यातल्या पिंपळनेरच्या डोंगराळ भागाला त्यातले काही लाभते, पुढे धुळ्यापर्यंत पर्जन्यच्छायेचा मुलूख. या कोरड्या मुलखात एका रात्रीत ओढे-नाले एक व्हावेत, तर उपसागरात जन्मलेले कमी दाबाचे आवर्त ओडिशाच्या किनाऱ्यावरून आत शिरून मध्य प्रदेशाकडे सरकावे लागते. अशा आवर्ताचा मुसळधार पाऊस प्रायः त्याच्या केंद्राच्या नैर्ऋत्येस पडतो, आणि तेथे तर पांझरेला पोटात घेणारे तापीचे खोरे पसरलेले! शिवाय तापी ज्या दिशेने वाहते त्याच दिशेने आवर्तही चालते, म्हणून वरचे पाणी खाली पोचते न पोचते तोच खालीही पाऊस कोसळू लागतो. ऑगस्ट २००६ मध्ये तापीच्या खोऱ्यात अशीच अतिवृष्टी झाली, तापीवरील उकाई धरणातून पाणी सोडावे लागले आणि सुरत बुडाली.

ही आवर्ते एखाद्या पंधरवड्यात लागोपाठ उठतात आणि एरवी उठत नाहीत, याला एक कारण मॅडन आणि ज्युलियन या हवामानशास्त्रज्ञांनी १९७१ साली उजेडात आणलेले आंदोलन होय: विषुववृत्तालगत पूर्वेकडे सरकणारा हा मेघसमूह साधारण तीस ते साठ दिवसांनी फेरी पुरी करतो, आणि सुमात्रा-जावासारख्या बेटांवरील अतिवृष्टीलाही त्याचाच हातभार लागतो. एल निनोचे नाव हल्ली गावच्या पारावरही ऐकू येते. पण तो फार तर साऱ्या मोसमाचा ढोबळ जमाखर्च सांगतो, अमुक रात्रीची अतिवृष्टी नव्हे. १९९७ साली तो अतिशय प्रबळ असूनही देशात पाऊसमान सर्वसाधारण राहिले.

आवर्ताला उपसागरावरून इकडे यायला काही दिवस लागतात. एवढी मुदत हाती असता, पुरानंतरच्या पंचनाम्याइतकी आस्था पुराआधीच्या इशाऱ्याला लाभत नाही, हे मला विचित्र वाटते. पांझरेवर फडाचे, म्हणजे सामायिक सिंचनाच्या शेतपट्ट्यांना पाणी देणारे, बंधारे घालणाऱ्या जुन्या गावकऱ्यांपाशी उपग्रह नव्हते. त्यांनी बंधारे बुटके आणि दगडी ठेवले, पूर त्यांच्या माथ्यावरून जाऊ दिला, आणि तो ओसरल्यावर पाटातला गाळ उपसून पाटकऱ्याने पुन्हा फडाला पाणी लावले.