पावसाळ्यातली उपासमार आणि कुटकी
रानातलं ताट : लेखांक ६

मोहाबद्दल आपण गेल्या आठवड्यात वाचलं. आज मेळघाटातल्या कोरकू आदिवासींच्या शेताकडे वळू, आणि तेही वर्षातल्या सगळ्यात कठीण दिवसांत.

आषाढ ते भाद्रपद. कणगीतलं धान्य तळाला गेलेलं, नवं अजून शेतात उभं. हातात पैसा नाही, कारण तो बियाण्यात गेला. आई दिवसभर निंदणीला, लहानगं मोठ्या बहिणीच्या कडेवर. गढूळ पाण्याने हगवण लागते, हगवणीने भूक मरते, आणि आधीच अशक्त असलेलं मूल पुढच्या आजाराला सहज बळी पडतं. धारणी आणि चिखलदरा तालुक्यांतले बालमृत्यू १९९३ साली राज्यभर गाजले, तेव्हापासून मेळघाट म्हटलं की कुपोषण एवढंच आपल्याला आठवतं. तिथल्या शेतीने या महिन्यांसाठी काय तजवीज केली होती, हे मात्र क्वचितच कोणी विचारतं.

ती तजवीज म्हणजे कुटकी हे भरडधान्य. सह्याद्रीत हिलाच वरई म्हणतात. उताराच्या हलक्या, बरड जमिनीत ती येते, खत फारसं मागत नाही. तिचे लवकर येणारे वाण अडीच-तीन महिन्यांत तयार होतात, म्हणजे ऐन टंचाईच्या शेवटी नवं धान्य घरात येतं. शिवाय टरफलासकट ठेवलेली कुटकी वर्षानुवर्षं टिकते, त्यामुळे मागच्या चांगल्या सालातली शिल्लक वाईट सालात कामी येते. तिचा भात किंवा पेज करतात. सोबत तरोट्याची कोवळी पानं, बांबूचे कोंब, नाल्यातले मासे-खेकडे आणि जमेल तेव्हा डाळ. हातसडीच्या कुटकीत पांढऱ्या तांदळाच्या दुपटीहून जास्त तंतू असतात.

हा आहार परिपूर्ण होता असं मी म्हणणार नाही. पातळ पेजेने लहान मुलाचं पोट चटकन भरतं, पण ऊर्जा थोडीच मिळते. मुलाच्या वाटीत तेल, डाळ, अंडं हवंच.

पण नंतर कुटकीच्या रानात सोयाबीन आलं. नगदी पैसा देणारं पीक कोरकू शेतकऱ्याने घेतलं, यात त्याची काही चूक नाही. मात्र भरपूर प्रथिनं असलेलं हे धान्य घरी कोणी शिजवत नाही. पोत्यात भरलं की ते बाजारात जातं. आलेल्या पैशातून आधी उधारी फिटते. चुलीवर रेशनचा तांदूळ आणि गहू चढतात. उपाशी राहण्यापेक्षा ते कितीतरी बरं, पण ताटातली विविधता त्याने भरून निघत नाही.

मग कुटकी परत का पेरत नाहीत? सल्ला देणाऱ्यांनी एकदा मुसळ हातात धरून पाहावं. दाणा बारीक, टरफल चिवट. दिवसभर शेतात राबून आलेल्या बाईला रात्रीच्या जेवणापुरती कुटकी सडायलाही फार कष्ट पडतात. तांदळाच्या साध्या गिरणीत तिचा चुरा होतो. २०२३ हे भरडधान्यांचं आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून जगभर साजरं झालं, पाककृतींची पुस्तकं निघाली. मेळघाटाला पाककृती नकोत. गावागावात कुटकी सडणारं छोटं यंत्र हवं, आणि अंगणवाडीत शिजणाऱ्या ताज्या जेवणासाठी हीच कुटकी स्थानिक शेतकऱ्याकडून, रास्त भावाने विकत घेतली जायला हवी. असं झालं तर सोयाबीनच्या बाजूला चार ओळी कुटकीच्या पेरणं त्याला परवडेल.

पुढच्या आठवड्यात : अंगणवाडीतल्या जेवणात काय असतं आणि काय असायला हवं.